गेटवर सांगितलेलं वय

रविवार, १६ नोव्हेंबर. भंडारा. दुपारचा शो.

हजर, आमच्याकडून: माझी मोठी बहीण, तिचा मुलगा, सून, त्यांची मुलगी आणि मी. त्यांच्याकडून: मुलगा, त्याची आई, त्याचे काका. एकूण आठ. गैरहजर: बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

मुलगी, म्हणजे माझ्या बहिणीची नात, ऑगस्टमध्ये सोळा वर्षांची झाली. अकरावीत आहे. सिनेमा हे निमित्त होतं. तिला दाखवायला आणलं होतं, आणि हे तिला स्वतःला गाडीत बसल्यावर कळलं. पसंती झाली तर अक्षय तृतीयेला लग्न, असं तिच्या बापानं आधीच बोलून ठेवलं होतं. मला हे शनिवारी रात्री फोनवर कळलं. तरीही मी गेले. काहून गेले, ते पुढे येईल.

मुलगी सिनेमाच्या निमित्तानं दाखवायची रीत आमच्याकडे जुनी आहे. रीतसर बैठक घरी होते, पोहे होतात, मोठी माणसं येतात, आणि नंतर नकार आला तर गावभर होतो. म्हणून त्याआधी एक ओझरतं पाहणं असायचं. बाजाराच्या दिवशी दोन्हीकडची माणसं टॉकीजवर ‘अचानक’ भेटायची. इंटरव्हलमध्ये मुलगी काकूबरोबर पाणी प्यायला उठायची, पलीकडच्या रांगेतले तिला चालताना पाहून घ्यायचे. पटलं नाही तर कोणी कोणाला काही विचारलेलंच नाही. सगळ्यांचा मान शाबूत.

माझ्या बहिणीलाही असंच दाखवलं. पवनीतल्या टॉकीजमध्ये. ती पंधरा वर्षांची, नववीत. मी अकरा वर्षांची.

घरात दोन माग होते. बाबा आणि काका विणायचे, आई आणि बहीण कांड्या भरायच्या, आणि मी कांड्यांचा हिशेब वहीत लिहायची. त्याच वहीच्या मागच्या पानांवर घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा होत्या, आईच्या सांगण्यावरून आणि शाळेच्या दाखल्यांवरून उतरवलेल्या. बहिणीची तारीख मला पाठ होती. माझ्या तारखेपेक्षा चार वर्षं आणि एकोणीस दिवसांनी आधीची.

मामानं स्थळ आणलं होतं, कोंढ्याचं. शेती, दोन बैलजोड्या, एकुलता मुलगा. त्या आठवड्यात टॉकीजला घरगुती सिनेमा लागणार होता, सासू-सुनेचा. पण रिळांची पेटी भंडाऱ्याहून आलीच नाही. मालकानं हाताशी असलेला दुसरा लावला, डाकूंचा. मारधाड आणि रक्त इतकं की त्याला ‘ए’ मिळालं होतं. पोस्टरवर गोलात ‘ए’, आणि खाली खडूनं फळीवर लिहिलेलं: अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.

तोवर मला यातलं एवढंच माहीत होतं की पडद्यावर सुरुवातीला एक कागद येतो, त्याच्यावर गोल असतो, आणि तो कागद गेला की पोरं शिट्ट्या मारतात. ‘यू’ म्हणजे सगळ्यांना, ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांना. मधला ‘यूए’, म्हणजे लहान मुलांनी आईबापाच्या सल्ल्यानं पाहावा असा, तेव्हा नवाच होता. आमच्या गेटवर त्याला कोणी विचारत नसे. ‘ए’ला मात्र विचारत. कारण गेटवरचा म्हातारा विचारायचा.

तो आधी कुठल्याशा कचेरीत शिपाई होता, निवृत्तीनंतर इथे लागला होता. मिसरूड न फुटलेल्या पोरांना तो कॉलरला धरून बाहेर काढायचा. लाच घेत नसे, चहा घेत नसे. सगळं गाव त्याला हसायचं.

बहिणीला आईची बुट्ट्यांची साडी नेसवली होती. पोलकं दोन्ही बाजूंनी टाके घालून आत घेतलं होतं, तरी खांद्यावरून उतरत होतं. आई, काकू, बाबा, मामा, बहीण आणि मी अशी रांगेत उभी. आमच्या मागे कोंढ्याची माणसं उभी, आम्हाला न ओळखल्यासारखी.

म्हाताऱ्यानं मोठ्यांना सोडलं आणि बहिणीसमोर हात आडवा धरला.

“ह्या पोरीचं वय काय जी?”

“अठरा पूर्ण,” मामा म्हणाला. “पाहून नाही राहिले काय? साडी नेसली आहे.”

“साडी तं बुजगावण्याले बी नेसवता येते.”

रांगेतले हसले. मामाचे कान लाल झाले. “वयापायी कायले अडवता बाप्पा, बाजाराचा दिवस आहे, माणसं खोळंबली.”

म्हाताऱ्यानं मामाकडे पाहिलंच नाही. तो गुडघ्यावर हात ठेवून माझ्यासमोर वाकला. “तू सांग वो पोरी. लेकरू खोटं नाही बोलत. तुही बाई किती वर्षांची?”

मामाचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यानं दाबला नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की दाबला होता, पण नव्हता. बहीण माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, “अठरा.”

“अन् तू?”

“अकरा.”

“तुले नाही जमत मंग. बस इथं.”

बहीण आत गेली. मागून एक जाडसर आवाज आला, मुलाच्या चुलत्याचा, “झालं. आपल्याले विचाराचं कामच नाही उरलं. गेटवरच चौकशी झाली.”

अडीच तास मी गेटजवळच्या बाकावर बसले. भिंतीतून घोड्यांच्या टापा आणि गोळ्या ऐकू येत होत्या. इंटरव्हलमध्ये दार उघडलं तेव्हा बहीण काकूच्या मागे पाण्याच्या माठाकडे चालताना दिसली, पायात घोळणाऱ्या निऱ्या एका हातानं धरून. कोंढ्याची माणसं शेंगदाणे खात होती.

त्याच आठवड्यात होकार आला.

बाबांचा बेत वेगळा होता, हे सांगितलं पाहिजे. त्यांना वाटलं होतं की मुलगी नुसती दाखवून ठेवू, पसंत पडली तर दोन वर्षं थांबा म्हणू, दहावी होऊ देऊ. होकाराच्या दिवशी ते मागावरून उठून आले आणि मामाला म्हणाले, “बैठकीत सांगून टाकतो, पोरगी पंधराची आहे म्हणून.”

मामा म्हणाला, “कोण्या तोंडानं सांगता भाऊजी? चार माणसांदेखत गेटवर अठरा म्हटलं. तुमच्या धाकटीनं म्हटलं. आता पंधरा म्हणाल तं ते काय समजतील? वयात खोटे बोलले, मंग बाकी कशात बोलले असतील?”

बाबा परत मागावर जाऊन बसले. दुसरं कुठलंही कुटुंब असतं तर एका सिनेमाच्या तिकिटासाठी बोललेली थाप हसण्यावारी नेली असती. आमच्याकडे शब्द फिरवणं हे पोरीचं लग्न लवकर करण्यापेक्षा वाईट समजलं गेलं. लग्न ठरल्याच्या कागदावर वय अठरा लिहिलं. शाळेतून नाव काढलं. मे महिन्यात लग्न झालं.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण लांबवून लिहिण्यासारखं त्यात काही नाही. सोळाव्या वर्षी पहिली मुलगी झाली, मेलेली. सतराव्या वर्षी मुलगा, तोच माझा हा भाचा. त्यानंतर दोनदा पोट राहून पडलं. चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली. कंबर तेव्हापासून गेली. धानाच्या रोवणीला वाकता येत नाही म्हणून सासूनं बोल लावले ते सासू असेपर्यंत. भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, वाईट माणूस नव्हते. लग्नात ते स्वतः एकोणीस वर्षांचे होते.

मुलगा सहा महिन्यांचा असताना ती माहेरी आली होती. आम्ही दोघी बाजारातून येत होतो, बाळ तिच्या कडेवर. टॉकीजजवळ म्हातारा भेटला. त्यानं तिला पाहिलं, बाळाला पाहिलं आणि मला विचारलं, “एकवीसची असंल आता तुही बाई?”

मी “हो” म्हणाले. तो पान खाऊन लाल झालेलं तोंड बाजूला करून थुंकला आणि आत गेला. तो मेला तेव्हा मी बारावीत होते.

टॉकीज त्यानंतर फार चालली नाही. आधी व्हिडिओ आला. लग्नकार्यात, गणपतीत भाड्यानं टीव्ही आणि यंत्र आणायचे आणि रात्रभर तीन सिनेमे दाखवायचे. कागद पडद्यावर यायचा, पण गेटच नव्हतं, मग विचारणार कोण? पुढे केबल आली, मग बाजारात दहा-वीस रुपयांत सीडी मिळू लागल्या. आता फोन आहे. फोन विचारतो, तुम्ही अठरा वर्षांचे आहात का? हो म्हटलं की फोन मानतो. मोकळ्या पडलेल्या टॉकीजमध्ये धानाची पोती ठेवतात.

मी मात्र तो कागद वाचायची सोडली नाही. सत्तावीस वर्षं शाळेत लिपिक आहे. दाखलखारीज नोंदवही, जन्मतारखा, दाखले हे माझं काम. वर्षातून एकदा मुलांना सिनेमाला नेतात तेव्हा मुख्याध्यापक आधी मला विचारतात, “मॅडम, सर्टिफिकेट पाहिलं का?” मी पाहिलेलं असतं. त्यामुळे यातला बदल मी घरी बसून टिपत आले. पूर्वी ज्या रक्ताला ‘ए’ मिळायचं, त्याला पुढे ‘यूए’ मिळू लागलं. पूर्वी ज्या शिवीवर कात्री चालायची ती आता ऐकू येते. टीव्हीवर दाखवायचा तर ‘ए’ सिनेमा कापून त्याचा ‘यूए’ करतात.

तो डाकूंचा सिनेमाही तसाच कापून एका दुपारी टीव्हीवर लागला होता. मी कोंढ्याला बहिणीकडे होते. ती तांदूळ निवडत होती. मी नाव ओळखलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

“हाच ना वो?” मी विचारलं.

“असंल.”

“तू पाहिला होता ना.”

“मी कायचा पाहते? मी मान खाली घालून बसली होती. काकूनं सांगतलं होतं, मान वर करशील तं पोरगी आगाऊ आहे म्हणतीन.” मग एक खडा बाजूला टाकत, “मले फक्त गोळ्या आयकू आल्या.”

मलाही बाहेर तेवढंच ऐकू आलं होतं. मी हे तिला सांगितलं नाही.

अलीकडे ‘यूए’चे तीन भाग झाले: सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर. त्याखालच्या मुलांना दाखवावं की नाही हे आईबापांनी ठरवायचं. गेटवर अडवायचं नाही. अडवायचं ते फक्त ‘ए’ला. मी हे शाळेच्या कार्यालयात कागदावर लिहून लावलं. मला ते बरं वाटलं होतं. बारा आणि सतरा एका दावणीला बांधण्यापेक्षा हे बरं.

१६ नोव्हेंबरला भंडाऱ्यात जो सिनेमा होता त्याला ‘यूए १६+’ होतं.

माझ्या भाच्यानं तिकिटं फोनवरून काढली होती. दाराशी तो फोन पुढे करत मला म्हणाला, “हे पाय मावशी, तू नेहमी म्हणतेस ना सर्टिफिकेट वाच, सर्टिफिकेट वाच. वाचलं. सोळा प्लस. आपली पोट्टी सोळाची. बरोब्बर बसते.”

मुलाचे काका मागे होते. ते हसले. “म्हणजे सरकारनंच सोळा करून टाकलं म्हणा ना.”

“मंग! सोळाले आता सगळं समजते. जमाना बदलला.”

सगळे हसले. मुलगीही हसली, कारण काय करावं हे तिला कळत नव्हतं. दारावरच्या मुलानं फोनवरचा चौकोन यंत्राला दाखवला आणि आम्ही आठही जण आत गेलो. त्यानं कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याचं ते कामही नव्हतं.

ते सिनेमापुरतं आहे, लग्नाला अठरा लागतात, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेच बोलायला मी आले होते. मी ते बोलले नाही. इंटरव्हलमध्ये बोलू असं ठरवलं.

इंटरव्हलमध्ये मुलाच्या आईनं विचारलं, “वय काय म्हणता पोरीचं?”

भाचा म्हणाला, “सतरावं लागलं. लग्नापावतर अठरावं लागलंच समजा.”

आमच्याकडे वय असंच मोजतात. पूर्ण झालेलं नाही, चालू असलेलं. एक वर्ष तिथे वाढतं, ‘लागलंच समजा’मध्ये आणखी एक. सोळा वर्षं आणि तीन महिन्यांची मुलगी पॉपकॉर्नच्या रांगेत उभ्या उभ्या अठरा झाली.

“रामटेकले घर आहे आमच्या भावाचं, पण लग्न आम्ही नदीपलीकडे करू,” काका म्हणाले. त्यांचं गाव बपेऱ्याच्या पुढे, हद्दीजवळ. अर्धे नातलग मध्य प्रदेशात. “तिकडे देवळात होऊन जाते. इकडचे लोक कागद मागत बसतात.”

बहीण खुर्चीवरून उठली नव्हती. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुले तर सगळ्यांच्या तारखा पाठ रायतात ना?”

“हो.”

“तवा बी होत्या.”

मी तिच्या शेजारची खुर्ची उघडून बसले.

“मी त्या गेटवर वाट पाहून राहिली होती,” ती म्हणाली. “मले वाटलं, मामा काहीही म्हणो, हे वहीवाली पोरगी पंधरा म्हणन. म्हातारा मले बाहेर काढन, अन् आपण दोघी घरी जाऊ.”

चाळीस वर्षांत तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आवाजात राग नव्हता. दिवे गेले, सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि मी तिच्या बाजूला बसून तो शेवटपर्यंत पाहिला. काय पाहिलं ते आठवत नाही.

भाच्याशी मी बोलले. दोन दिवसांनी, त्याच्या घरी जाऊन, बहिणीसमोर. कायदा सांगितला, त्याची मेलेली बहीण सांगितली जी त्यानं कधी पाहिली नाही, आईची कंबर सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. तोही वाईट माणूस नाही. त्याला भीती आहे की पोरगी कॉलेजात कोणाबरोबर जाईल. शेजारच्या गावात तसं एक झालं आहे.

“मावशी, तू तक्रार करशील का?” त्यानं विचारलं.

“करीन.”

“कर. मंग मायले बी घेऊन जा तुह्या घरी. पोलीस माह्या दारात येतीन त्या दिवशी मी मायले ह्या घरात ठेवणार नाही.”

मी लगेच बहिणीला म्हणाले, “चाल. खोली रिकामीच आहे.” ती म्हणाली, “म्हशीचं कोण करन?” आणि मग, “पोटचा आहे वो तो. त्याले पोलिसात कशी देऊ?” मी सांगितलं की पोलीस लगेच येत नाहीत, आधी समजावतात, हमीपत्र लिहून घेतात. तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

मुलीला वेगळं विचारलं, फोनवर, ती कॉलेजात असताना. तिला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती म्हणाली, “लहान आजी, मले बारावी करायची आहे. नंतर नर्सिंग.” थांबून म्हणाली, “पण मी सांगतलं असं बाबाले नको सांगजो.”

त्यानंतर मी जे केलं ते असं. तिच्या जन्मदाखल्याची प्रत काढली. खेड्यात बालविवाह थांबवण्याचा अधिकार ग्रामसेवकाकडे असतो, तेव्हा कोंढ्याला तो कोणत्या वारी बसतो ते विचारून घेतलं. लग्न हद्दीपलीकडे होणार असेल तर तिकडच्या कचेरीलाही कळवावं लागेल, म्हणून अर्जाच्या दोन प्रती केल्या. अर्जात मुलीचं नाव, जन्मतारीख, आज रोजीचं पूर्ण झालेलं वय, ठरलेली तिथी आणि दोन्हीकडच्या पालकांची नावं लिहिली. भाच्याचं नाव लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. माझं नाव आणि सही खाली आहे. निनावी देता आला असता, ते मला नको होतं.

बहिणीला अर्ज वाचून दाखवला. तिनं पूर्ण ऐकला. जन्मतारखेच्या ओळीला म्हणाली, “हे बरोबर आहे.” मग म्हणाली, “संक्रांत होऊन जाऊ दे. सणाच्या तोंडावर नको.”

संक्रांत झाली. मुलाकडचे साडी-चोळी देऊन गेले. भाच्यानं मंडपवाल्याशी बोलणं केलं. मी दोन बुधवार कोंढ्याला जाऊन आले, कारण ग्रामसेवक बुधवारी बसतो. पहिल्या बुधवारी तो तालुक्याला बैठकीला गेला होता. दुसऱ्या बुधवारी तो होता, खोलीत एकटा, समोर खुर्ची रिकामी. मी दारात उभी होते तेव्हा फोन वाजला. बहिणीचा. नुसता श्वास ऐकू येत होता. मी “काय झालं वो?” विचारलं तर म्हणाली, “काही नाही. तू कुठं आहेस, एवढंच विचाराले केला.”

मी कोंढ्यात असल्याचं सांगितलं नाही. शाळेत आहे म्हणाले आणि बसस्टँडवर परत आले.

आज सोमवार आहे. परवा बुधवार. अर्ज दिलेला नाही.